बर्डीवरून घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपवर आधीच्या कंपनीचा लोगो येतो. तो काढून आपला लावता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बर्डीवरून (म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीवरून) लेनोवोचा जुना थिंकपॅड लॅपटॉप घेतला, चालतो छान, पण बटण दाबलं की लेनोवोच्या जागी कुठल्यातरी परक्या कंपनीचा निळा लोगो येतो. विंडोज दोनदा नव्याने टाकून पाहिली, तरी तो तिथेच. तो काढून वडिलांच्या दुकानाचं नाव लावायचं आहे.

मी प्रतापनगरात लॅपटॉप दुरुस्त करतो. "भाऊ, हे दुसऱ्याचं नाव काऊन येऊन राहिलं?" हा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमी येतो. लोगो निघतो आणि तुमचा लावताही येतो. पण आधी दहा मिनिटं दुसऱ्याच कामाला द्या.

ते चित्र एसएसडीवर, म्हणजे विंडोज आणि फाइल राहतात त्या डिस्कवर, नसतंच, म्हणून विंडोज कितीही वेळा टाकली तरी जात नाही. मदरबोर्डवर आठ पायांची, नखापेक्षा लहान एक चिप असते, बहुतेक १६ किंवा ३२ एमबीची. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, त्यात राहतो (खरं नाव यूईएफआय, पण दुकानात सगळे बायोसच म्हणतात) आणि लोगोही त्यातच. मोठ्या कंपन्या शेकड्याने लॅपटॉप घेतात तेव्हा त्यांचा आयटी विभाग आपला लोगो त्या चिपमध्ये घालून ठेवतो. लेनोवो आणि एचपी आपल्या ऑफिसवाल्या मॉडेलांवर तशी सोय देतात. काही वर्षांनी तो लॉट विकला जातो. विकताना डिस्क पुसतात, चिपकडे कोणी बघत नाही.

आता मला काळजी वाटते ती याची, की ज्या चिपमध्ये लोगो राहून गेला तिथे आणखीही काही राहिलेलं असू शकतं. लॅपटॉप सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर तो आधीच्या कंपनीचा सुपरवायझर पासवर्ड आहे. थिंकपॅडमध्ये तो बटणासारखा सेल काढून जात नाही, त्यामुळे कोणी तसं सांगितलं तर उगाच लॅपटॉप उघडू नका. पासवर्ड नसेल तर पहिल्याच पानावरचा सिरियल नंबर खालच्या स्टिकरशी आणि बिलाशी जुळवा. मग सिक्युरिटीच्या पानावर कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट नावाची ओळ शोधा. चोरीला गेलेला लॅपटॉप दुरून शोधायची आणि बंद करायची ती व्यवस्था आहे. ती 'ॲक्टिव्हेटेड' दिसली, किंवा विंडोज नव्याने टाकून इंटरनेटला जोडल्यावर त्या कंपनीच्या नावाचं लॉगिन पान आलं, तर लॅपटॉप त्यांच्या यादीतून अजून सुटलेला नाही. अशा वेळी लोगोचा विचार बाजूला ठेवा आणि बिल घेऊन दुकानदाराकडे जा. यादीतून नाव काढणं आधीच्या मालकाच्याच हातात असतं, माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याच्या नाही.

सगळं मोकळं निघालं तर पुढचं सोपं आहे. लेनोवोच्या साइटवर सिरियल नंबर टाकून तुमच्याच मॉडेलचं बायोस अपडेट उतरवा. ते उघडल्यावर जो फोल्डर तयार होतो त्यात लोगोबद्दलची एक छोटी मजकुराची फाइल असते. ती पूर्ण वाचा, कारण चित्र किती मोठं चालेल हे मॉडेलप्रमाणे बदलतं. सर्वसाधारण रीत अशी, की 'लोगो' या इंग्रजी नावाची बीएमपी, जेपीजी किंवा जिफ फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि अपडेट चालवायचं. चित्र सापडलं, वापरू का, असं ते विचारतं. फाइलचा आकार मात्र थोड्याच केबींच्या (किलोबाइटच्या) आत ठेवावा लागतो. एचपीचे ऑफिसवाले लॅपटॉप असतील तर पॉवरशेलमध्ये (विंडोजमध्ये कमांड टाइप करायची खिडकी) चालणाऱ्या एचपीच्याच साधनात बूट लोगो लावायची आणि पुसायची वेगळी कमांड आहे.

अपडेट चालू असताना वीज गेली आणि बॅटरीने दगा दिला तर लॅपटॉप उठत नाही. सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी अनेकदा नावालाच असते आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाईट कधी जाईल याचा नेम नाही. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, आणि शक्यतो सकाळची वेळ. चार्जर काढल्यावर लॅपटॉप अर्धा तासही तग धरत नसेल तर आधी बॅटरी बदला.

ज्यांच्या लॅपटॉपला अशी सोयच नाही, त्यांच्यासाठी हॅकबीजीआरटी नावाचं मोफत, मुक्त स्रोत साधन आहे. विंडोज ८ पासून पुढे सुरू होताना विंडोज स्वतःचा नाही, तर बायोसने हाती दिलेला लोगो दाखवते आणि खाली ठिपके फिरतात. हे साधन चिपला हात लावत नाही. विंडोज चढण्याच्या क्षणी मेमरीतला तेवढा तक्ता बदलून तुमचं चित्र पुढे करतं. त्यामुळे अगदी पहिले दोन-तीन सेकंद जुना लोगो दिसणारच. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमला सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर या साधनाला परवानगी देण्याची एक पायरी वाढते. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) आधी थांबवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. आपल्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे हेच कित्येकांना त्या दिवशी कळतं.

तिसरा मार्ग तुम्हाला यूट्यूबवर दिसेल: चिपला चिमटा लावायचा, प्रोग्रॅमर नावाच्या स्वस्तातल्या यंत्राने आतलं सगळं वाचायचं, चित्र बदलून परत भरायचं. नुसत्या लोगोसाठी हे करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याच चिपमध्ये तुमचा सिरियल नंबर आणि बहुधा विंडोजची लायसन्स कीसुद्धा असते. काही चिपा ३.३ व्होल्टच्या, काही १.८ च्या, चुकीचा दाब दिला की चिप गेली. शिवाय २०१३ नंतरच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत बूट गार्ड असतो, सुरुवातीच्या भागात फेरफार दिसला तर तो लॅपटॉप चालूच होऊ देत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर मूळ प्रत काढून न ठेवता नेटवरून आणलेली फाइल भरली होती. बारावीच्या परीक्षेला बसलेल्या त्याच्या मुलीचे सगळे नोट्स त्यात होते. डिस्क काढून नोट्स त्याच संध्याकाळी दिले, पण लॅपटॉप उभा करायला अकरा दिवस लागले. तेव्हापासून मूळ प्रत दोनदा काढून, दोन्ही जुळवल्याशिवाय मी चिपमध्ये काही लिहीत नाही.

बायोस अपडेट तुम्ही लोगोसाठी नाही, तरी करायलाच हवं. डिसेंबर २०२३ मध्ये बायनार्ली या कंपनीच्या संशोधकांनी 'लोगोफेल' नावाच्या त्रुटी उघड केल्या. सुरुवातीचं चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच खोट होती, त्यामुळे मुद्दाम बिघडवलेलं चित्र ठेवून विंडोज सुरू होण्याआधीच लॅपटॉपचा ताबा घेता येत होता. एएमआय, इनसाइड, फिनिक्स या तिन्ही मोठ्या बायोस पुरवठादारांच्या कोडमध्ये ती सापडली. म्हणून लोगोचं चित्र कुठल्या तरी साइटवरून तयार उचलू नका, स्वतः बनवा.

बनवताना चित्राची पार्श्वभूमी काळी ठेवा, म्हणजे चौकोनाची कड दिसत नाही. दुकानाचं नाव देवनागरीत लिहिणार असाल तर अक्षरं मोठी आणि जाड घ्या. एवढ्या लहान फाइलमध्ये रंग आणि बारकावे कमी होतात, वेलांट्या शिरोरेषेत मिसळतात आणि अनुस्वार तर सरळ नाहीसा होतो. आधी तेच चित्र त्याच आकारात लॅपटॉपच्या पडद्यावर उघडा आणि हातभर मागे सरकून वाचून बघा. वडिलांनाही वाचता आलं, की मग अपडेट चालवा.