हसणाऱ्यांशी बोल

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. आठवीतल्या त्या नेपाळी मुलाला वर्ग ‘चिंकी’ म्हणतो, पी.टी.चे सर ‘क्या शाबजी’ करून हाक मारतात, आणि मुख्याध्यापक म्हणतात, मुलंच ती, चालायचंच. नोकरी नवी असूनही तू गप्प बसली नाहीस, याचं मला फार बरं वाटलं.

चिडवणाऱ्याला माफी मागायला लावलीस, ते ठीक. पण चिडवणारा एखादाच असतो. त्याला बळ देतो तो हसणारा वर्ग. तुझं खरं काम त्यांच्याशी आहे. तसली हाक कानावर आली की शिकवणं तिथेच थांबव. आवाज चढवू नकोस, भाषण तर नकोच. “त्याचं नाव हजेरीत आहे. माझ्या वर्गात त्याच नावाने बोलवायचं,” एवढं म्हण आणि खडू उचल. हे दर वेळी करायचं. एकदा कंटाळून कानाडोळा केलास की मुलं ते बरोबर हेरतात. मग ज्यांचं वर्गात चालतं अशा दोघातिघांना मधल्या सुट्टीत गाठ आणि विचार, डबा खायला त्याला कोण सोबत घेतं? उत्तराची घाई करू नकोस.

त्याला मात्र उभं करून “तुमच्या नेपाळबद्दल सांग” असं कधीही म्हणू नकोस. तो कांदिवलीत, सोसायटीच्या गेटशेजारच्या खोलीत वाढलाय, तुझ्याइतकाच मुंबईचा. स्नेहसंमेलनात टोपी घालून त्याला नाचवायचं, हेही नको.

त्यापेक्षा रोजच्या तासात वाट काढ. तू इतिहास शिकवतेस, तर मलिक अंबर नीट शिकव. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांशी वर्षानुवर्षं झुंजला, त्याने खडकी वसवली (आजचं छत्रपती संभाजीनगर) आणि नहरी बांधून तिथे पाणी आणलं. सावळ्या मुलींना रंगावरून बोलणारी पोरं तुझ्याही वर्गात असतील. त्यांना हा तास जरूर मिळू दे.

‘मस्करी होती’ असं कुणी म्हणालं, तर निदो तानियाचं नाव घे. अरुणाचलचा हा तरुण जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर गेला. सुरुवात त्याच्या केसांवरून केलेल्या टिंगलीने झाली होती.

पी.टी.च्या सरांशी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत बोलू नकोस, एकटे असताना बोल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारण्याइतकीच मुलाच्या मानसिक छळालाही मनाई करतं, हे त्यांना शांतपणे सांग. ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी दे आणि पोच घे.

आणि त्याच्या आईवडिलांना भेट. वडिलांची रात्रपाळी असेल, तर पालकसभेची वाट न बघता त्यांना जमेल ती वेळ विचार. तक्रार करायला बोलावलंय असं वाटून ते घाबरतील, म्हणून आधी त्याच्या अभ्यासाचं चांगलं काय ते सांग.

तुझ्या बाई