दोन्ही टोकं एकाच स्विचला

कोल्हापूर, रविवार

अनेक उत्तम आशीर्वाद.

शुद्ध गणित सोडून नेटवर्किंगकडे वळलीस तर मी रागावेन, असं तुला का वाटावं? माझी अख्खी नोकरी या दोन दगडांवर पाय ठेवून झाली.

आलेख सिद्धान्त (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांचं गणित) शिकवायला लागून मला दहा वर्षं झाली होती. वृक्ष म्हणजे सगळे बिंदू जोडणारी, पण कुठंही फेरा नसलेली आकृती; बिंदू वीस तर वृक्षाच्या कडा एकोणीस, झोपेतही सांगितलं असतं. त्यातच कॉलेजच्या लॅबचं नेटवर्क गळ्यात पडलं. एका दुपारी सगळं ठप्प. संगणकांच्या केबली जिथं जोडतात त्या पेटीचे, म्हणजे स्विचचे, हिरवे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. मी आयपी पत्ते (नेटवर्कवरचे संगणकांचे आकडी पत्ते) तपासत बसलो. केबल ओढणारा पोरगा रॅकमागं वाकला नि म्हणाला, “सर, हिची दोन्ही टोकं हितंच हाईत की!”

फळ्यावर लूप म्हणून, बिंदूतून निघून त्याच बिंदूला परत येणारी जी वळसेदार रेघ मी काढायचो, ती निळी केबल होऊन समोर लोंबत होती. आयपी पॅकेटवरचा (म्हणजे माहितीच्या पुडक्यावरचा) एक आकडा दर राउटरला, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात पोचवणाऱ्या यंत्राला, कमी होतो. शून्य झाला की पॅकेट फेकून देतात. पण केबलवरून स्विचमधून जाणाऱ्या पुडक्यावर, इथरनेटच्या फ्रेमवर, असा आकडाच नसतो. सगळ्यांसाठी सोडलेली फ्रेम मग गरागरा फिरत राहते.

उपाय म्हणजे माझा वृक्षच, त्यात फेराच नाही. बोरुव्का या चेक गणितज्ञानं १९२६ मध्ये मोराव्हियातल्या विजेच्या तारांसाठी सगळ्यात स्वस्त वृक्ष काढायची रीत शोधली होती. १९८५ मध्ये राडिया पर्लमननं (तीही मूळची गणिताचीच) यंत्रांनीच आपसात बोलून वृक्ष ठरवायची रीत दिली. आमच्या स्विचमध्ये ती सोय होती, कुणीतरी बंद करून ठेवलेली!

पण वृक्षाच्या प्रेमात फार पडू नकोस. एक कड तुटली की दोन तुकडे. २०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा आपण ते भोगलंय. म्हणून जादा केबल टाकायचीच, फक्त गरज पडेपर्यंत मिटून ठेवायची. जुन्या पद्धतीत ती उघडायला ३० ते ५० सेकंद जायचे. जाळ्याची शिळी माहिती सगळ्या स्विचमधून पुसली जाण्याआधी घाई केली, तर घटकाभर पुन्हा लूप. ही वाट पाहणं कमी कसं करायचं, यात तुझ्या आवडीचं गणित भरपूर आहे.

सर्टिफिकेटचा क्लास एवढ्यात लावू नकोस. शनिवारी घरी ये. माळ्यावर दोन जुने स्विच पडलेत. केबल तू लाव, चुकीची लाव.

आईबाबांना नमस्कार.

तुझा,
सर