मित्रांसाठी स्वतःचा खास हँडशेक कसा बनवायचा?

भो, वही घेऊन स्टेप ठरवायला बसलात तर तो कधीच बनणार नाही, दोन दिवसांत सगळे विसरतील. आमचा जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळ केळीच्या बागेत बनला आणि तोही नाइलाजाने. बारावीच्या सुट्टीत आम्ही तिघं केळी कापायला जायचो, केळीचा चीक शर्टाला लागला की त्याचा जो काळा डाग पडतो तो शर्ट फाटेपर्यंत जात नाही, हात तर चिकट्ट, मग टाळी देणार कशी? म्हणून मनगटाची उलटी बाजू एकमेकांवर आपटायची, ठक्क. ही झाली पहिली स्टेप.

दुसरी माझ्या आजोबांची. गुरांच्या बाजारात बैलाचा सौदा तोंडाने होत नाही, दलाल आणि मालक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, बाजूच्याला पत्ता लागत नाही. आम्ही तेच उचललं, दोन बोटं दाबली की संध्याकाळी भरीत पार्टी, एक दाबलं की खिशात पैसे नाहीत. तिसरी म्हणजे मुठीवर मूठ, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत ठेचतात तशी. बस, तीनच. सात-आठ स्टेपवाले हँडशेक रीलसाठी असतात, मित्रांसाठी नाही.

आता आमच्यातला एक पुण्याला गेला आणि म्हणायला लागला, हे काय पोरकट अमेरिकन खूळ. अरे, अमेरिकन? हाय फाइव्ह म्हणतात तो 1977 च्या ऑक्टोबरचा, लॉस एंजेलिसला बेसबॉलच्या मॅचमध्ये ग्लेन बर्कने हात वर केला आणि डस्टी बेकरने त्यावर मारला, असं सांगतात. आमचे आजोबा तर कधीपासून रुमालाखाली बोटं दाबत होते, आणि "दे टाळी" काय अमेरिकेतून आलं का? हे त्याला कितीदा सांगितलं. त्याच्या लग्नात स्टेजवर मी मनगट पुढे केलं तर याने सासरच्यांसमोर हात जोडले आणि म्हणे, "या, जेवून जा." या! मला! मी पंगतीत नुसता वरण-बट्टीचा वास घेऊन परत आलो. (खोटं कशाला, दोन बट्ट्या खाल्ल्या.)

तर हँडशेक बनवा, पण आधी विचारून घ्या की हा चार लोकांत करशील का, नाही म्हणाला तर त्याच्यासोबत साधा नमस्कारच बरा. स्टेप कोणती घ्यायची ते तुम्ही सोबत काय काम करता त्यातनं काढा, क्रिकेटवाले असाल तर क्रिकेटमधलं काहीतरी घ्या, मला त्यातलं कळत नाही.

अन हो, मनगटाची स्टेप घेणार असाल तर समोरच्याने घड्याळ घातलंय का ते बघा. त्या पुण्यावाल्याच्या साखरपुड्यातल्या घड्याळाची काच म्हणे माझ्यामुळे गेली. ती आधीच तडकलेली होती, मी तेव्हाच सांगितलं होतं.