किट कारमधला आरपीएम मीटर निम्मेच आकडे दाखवतो. मागचा स्क्रू फिरवून तो बरोबर होईल का?

तुमच्या प्रश्नातला तपशील असा आहे: इंग्लंडमध्ये राहून तुम्ही लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडलेली गाडी) बांधली आहे, तिच्यात फोर्ड मॉन्डिओचे 2 लिटरचे झेटेक इंजिन, वेगळा विकत घेतलेला ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) आणि कुठल्याशा जुन्या गाडीतला आरपीएम मीटर बसवला आहे, आणि मीटरची सिग्नलची वायर कॉइल पॅकच्या (स्पार्कसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या डबीच्या) एका बाजूच्या पिनला जोडली आहे. इंजिन उत्तम चालते; पण आयडलिंगला काटा 450 वर असतो आणि इंजिन जोरात ओरडू लागले तरी 3000 च्या पुढे जात नाही. एका परिचिताने मीटरच्या मागच्या लहान स्क्रूने तो जुळवून घ्या असे सुचवले आहे. तसे करू नका. त्या स्क्रूची मजल बहुतेक मीटरांत थोडीशीच असते आणि तुमची चूक थोडी नसून नेमकी निम्म्याची आहे, त्यामुळे तिथे हात घालणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल.

आरपीएम मीटर इंजिनाचे फेरे मोजत नाही. तो वायरवरून येणारे विजेचे ठोके मोजतो आणि एका फेऱ्याला इतके ठोके येतात असे गृहीत धरून काटा हलवतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे दर फेऱ्याला दोन स्पार्क होतात. डिस्ट्रिब्यूटर आणि एकच कॉइल असलेल्या जुन्या गाड्यांत हे सगळे स्पार्क त्या एका कॉइलमधून जात असल्यामुळे तिच्या निगेटिव्ह टोकावर फेऱ्याला दोन ठोके मिळत, आणि चार सिलिंडरसाठी बनवलेला मीटर त्याच हिशेबावर चालतो. तुमच्या झेटेकवर मात्र एका डबीत दोन कॉइल आहेत: एक 1 आणि 4 क्रमांकाच्या सिलिंडरांसाठी, दुसरी 2 आणि 3 साठी. जोडीतल्या एका सिलिंडरमध्ये स्पार्क कामी येतो आणि त्याच क्षणी दुसऱ्यात तो एक्झॉस्टच्या वेळी वाया जातो. म्हणूनच या पद्धतीला वेस्टेड स्पार्क म्हणतात. यात प्रत्येक कॉइल दर फेऱ्याला एकदाच काम करते. तुम्ही त्यातल्या एकीलाच वायर जोडल्यामुळे मीटरला निम्मेच ठोके पोचतात आणि 900 चे 450 होतात.

मीटर चुकीचा वाटला की प्रथम खरा आकडा आणि दाखवलेला आकडा यांचे गुणोत्तर काढावे, कारण बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा त्यातच कळते. 3000 ला 2000 दिसत असतील तर मीटर सहा सिलिंडरच्या गाडीतला आहे, कारण तो फेऱ्याला तीन ठोक्यांची अपेक्षा करतो आणि त्याला दोनच मिळतात. एक चतुर्थांश दिसत असेल तर प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनातल्या एकाच कॉइलवरून सिग्नल घेतलेला असतो. निम्मा आकडा मात्र दोन कारणांनी येऊ शकतो. एक कारण तुमच्यासारखे. दुसरे म्हणजे सिग्नल बरोबर असून मीटर आठ सिलिंडरचा असणे. तुमचा मीटर जुना असल्याने तो कोणत्या गाडीतला आहे, किंवा त्याच्या मागे सिलिंडरची संख्या निवडण्याचे बारीक स्विच आहेत का, हे वायरिंगला हात लावण्यापूर्वी पाहून घ्या. तिथे 2 सिलिंडरची सोय असेल, तर तो स्विच बदलून आहे त्या वायरवरच काम भागेल.

तशी सोय नसेल तर कॉइलचा नाद सोडून ईसीयूवरच टॅकोमीटरसाठी (म्हणजे आरपीएम मीटरसाठी) दिलेल्या आउटपुटवरून सिग्नल घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे फेऱ्याला किती ठोके द्यायचे हे अनेक ईसीयूंच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते. इथे बरेच जण अडतात: वायर जोडतात आणि काटा शून्यावरून हलतच नाही. कारण असे की अनेक ईसीयूंचे हे आउटपुट स्वतः व्होल्टेज देत नाही, ते केवळ वायरला ठरावीक वेळी अर्थशी (गाडीच्या निगेटिव्ह बाजूशी) जोडते आणि सोडते. वायरवर मुळात व्होल्टेजच नसेल तर खाली ओढायला काही उरत नाही. त्यासाठी सिग्नलची वायर आणि इग्निशनच्या किल्लीनंतरचे 12 व्होल्ट यांच्यामध्ये 1 किलोओहमचा एक रेझिस्टर जोडावा. या पुल-अप रेझिस्टरची किंमत काही पेन्सच असते, आणि तो जोडल्यावर मेलेला वाटणारा मीटर बऱ्याचदा जिवंत होतो.

ईसीयूवर असे आउटपुटच नसेल तर दोन्ही कॉइलचे ठोके एकत्र करावे लागतात. कॉइल पॅकच्या तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये मधली पिन 12 व्होल्टची असते आणि कडेच्या दोन पिना दोन कॉइलच्या असतात. या कडेच्या प्रत्येक वायरला 1एन4007 जातीचा एकेक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडावा. डायोडचा पट्टा असलेला भाग कॉइलकडे ठेवावा, दुसरी टोके एकमेकांना जोडून तिथून मीटरकडे वायर न्यावी, आणि त्याच जोडावर वर सांगितलेला पुल-अप रेझिस्टर द्यावा. मग कोणतीही कॉइल चार्ज होताना वायर खाली ओढली जाते आणि फेऱ्याला दोन ठोके मिळतात. डायोडची दिशा उलटी होऊ देऊ नका. कॉइलमधला करंट तुटतेवेळी त्या पिनवर काहीशे व्होल्टची उसळी येते आणि सरळ बसवलेला डायोडच ती मीटरपासून दूर ठेवतो. त्याच कारणाने ईसीयूचे आउटपुट आणि कॉइलची पिन यांना जोडणारी एकच वायर कधीही ठेवू नये. ईसीयू जळण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

काही जुने मीटर मात्र नेमकी हीच उसळी ओळखण्यासाठी बनवलेले असतात आणि 12 व्होल्टच्या साध्या चौकोनी लहरीला दाद देत नाहीत. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरच्या डायलवर खाली बारीक अक्षरांत आरव्हीसी छापलेले असेल तर तो मीटर व्होल्टेजवर चालणारा आहे. आरव्हीआय असेल तर तो कॉइलला जाणाऱ्या करंटवर चालतो आणि त्यासाठी कॉइलच्या पुरवठ्याची वायरच त्याच्यामधून फिरवून न्यावी लागते. आरव्हीआय मीटर पॉइंट्सच्या (कॉइलचा करंट तोडणाऱ्या जुन्या यांत्रिक स्विचच्या) काळातला आहे. त्याला आधुनिक इग्निशनवर राबवत बसण्यापेक्षा जुना चेहरा तसाच ठेवून आतले सर्किट नवीन बसवून घेणे शहाणपणाचे.

आकडा स्थिर न राहता काटा थरथरत असेल, किंवा हेडलाइट लावताच उडी मारत असेल, तर ठोक्यांच्या संख्येशी त्याचा संबंध नसतो; तिथे अर्थिंग पाहावे. किट कारचा डॅशबोर्ड आणि बॉडी बऱ्याचदा फायबरची असते, फायबरमधून वीज वाहत नाही, आणि पत्र्याच्या गाडीतून काढलेला मीटर मात्र स्वतःच्या धातूच्या पट्टीतून अर्थ मिळेल या भरवशावर बनवलेला असू शकतो. म्हणून मीटरपासून चॅसिसपर्यंत स्वतंत्र काळी वायर न्यावी, चॅसिसवरचा रंग खरवडून तिथे रिंग टर्मिनल आवळावे, आणि सिग्नलची वायर प्लगच्या वायरींपासून दूर ठेवावी.

आता पडताळणी. ईसीयूला लॅपटॉप जोडलात की क्रँक सेन्सरवरून मोजलेला आकडा समोर दिसतो. तोच प्रमाण माना. नाहीतर फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टिमीटर सिग्नलच्या वायरवर लावा: फेऱ्याला दोन ठोके असतील तर हर्ट्झला 30 ने गुणले की आरपीएम मिळतात, म्हणजे 3000 ला 100 हर्ट्झ दिसले पाहिजेत. टायमिंग लाइटच्या (प्लगच्या वायरीवर लावून स्पार्क टिपणाऱ्या दिव्याच्या) आकड्यावर मात्र विसंबू नका. वेस्टेड स्पार्कमध्ये प्लगच्या वायरीतून दर फेऱ्याला स्पार्क जातो, आणि दोन फेऱ्यांत एक स्पार्क गृहीत धरणारा टायमिंग लाइट दुप्पट आकडा दाखवतो. रस्त्यावरही पाहता येते. तुमच्या गाडीत फोर्ड सिएराचा टाइप 9 गिअरबॉक्स असेल, तर त्याचा चौथा गिअर 1:1 असतो. मागचा डिफरन्शियल 3.92 चा आणि टायर 185/60 आर13 असतील, तर जीपीएसवर ताशी 50 मैल असताना इंजिन 3000 च्या किंचित वर फिरत असते. डिफरन्शियल 3.62 चा असेल तर तोच आकडा 2800 च्या जवळपास येतो.

एवढे झाल्यावर शे-दोनशे आरपीएमचा फरक उरला, तरच तो स्क्रू हाती घ्या, आणि आयडलिंगला नव्हे तर 3000 ते 4000 च्या दरम्यान जुळवा, कारण डायलच्या खालच्या टोकाला जुने मीटर तसेही ढिले असतात. हे काम आयव्हीए चाचणीपूर्वी (अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या ब्रिटनमधल्या तपासणीपूर्वी) उरकावे. त्या चाचणीत उभ्या गाडीच्या आवाजाची मर्यादा 99 डेसिबल आहे आणि मोजणी कमाल शक्तीच्या आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर होते. तुमच्या काट्यावर विसंबून कोणी 4000 पर्यंत इंजिन न्यायला गेले, तर आज ते प्रत्यक्षात 8000 कडे धावेल आणि लिमिटरवर (ईसीयूने घातलेल्या आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) जाऊन आदळेल.