फळाच्या पोटातलं तापमान कोण मोजतंय? तोडणीनंतरच्या फळांची प्रश्नोत्तरे

मार्च लागला की आपल्या बेळगाव जिल्ह्यात अथणीकडून द्राक्षांचे आणि एप्रिल-मेमध्ये खानापूर, हुक्केरीकडून आंब्याचे प्रश्न यायला सुरुवात होते. प्रश्न तेच असतात, गाव तेवढं बदलतं. तोडणीनंतर फळाचं काय होतं हा विषय मी बरीच वर्षं शिकवला, आणि वर्षभर राबून आणलेलं फळ शेवटच्या दोन दिवसात वाया गेलेलं बघितलं की मला अजून जीव तुटतो. म्हणून यंदा आलेल्यातले काही प्रश्न घेऊन इथं एकदमच उत्तरं देतेय.

मॅडम, ब्रिक्स मीटर घेतलं. झाडावरचा हापूस कापून बघितला तर 8 च दाखवतंय. व्यापारी म्हणतो 18 पाहिजे. अजून किती दिवस झाडावर ठेवू? (नंदगड)

ठेवू नका. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं साधारण शेकडा प्रमाण, आणि 18 हा पिकलेल्या आंब्याचा आकडा आहे. कच्च्या तयार आंब्यात साखर थोडी आणि पीठ जास्त असतं, म्हणजे स्टार्च, त्या पिठाची साखर होते ती अढीत पिकताना. कच्चा हापूस 8-9 दाखवत असेल तर तुमचं मीटर बरोबर आहे आणि फळही बरोबर आहे. तयारी बघायची असेल तर खांदे बघा, देठाच्या वर आलेत का, देठाजवळ खळगा पडलाय का, गडद हिरवा जाऊन फिका हिरवा आलाय का, आणि बादलीभर पाण्यात टाकून बघा, तयार फळ बुडतं. जुनी माणसं चौदा आणे तयार म्हणतात ते हेच.

आणि मीटरचं एक सांगते. रोज वापरायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्यावर आणायचं, काच पुसायची. ही मीटरं 20 अंश सेल्सिअस धरून बनवलेली असतात, एटीसी, म्हणजे तापमानाचा फरक आपोआप भरून काढायची सोय, नसलेलं मीटर 30 अंशाच्या उन्हात जवळजवळ पाऊण ब्रिक्स कमी दाखवतं. खोक्यावर एटीसी लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या.

आंबा देठासकट तोडायचा का बिनदेठाचा?

देठासकट, निदान बोटाच्या एका पेराएवढा. देठ तुटला की चीक सालीवर उतरतो आणि तिथं काळा डाग पडतो, आणि तिथूनच कूज आत शिरते.

व्यापारी बागेत आला, दोन मणी तोडून मीटरवर पिळले आणि 15 आहे म्हणून किलोमागं दर पाडला. आम्ही तपासलं तर 19. खरं कुणाचं? (तेलसंग, ता. अथणी)

दोघांचंही नाही. घडाच्या वरच्या खांद्यावरचे मणी आधी गोड होतात, शेंड्याचे सगळ्यात शेवटी. व्यापारी शेंड्याचा मणी पिळतो, शेतकरी खांद्याचा दाखवतो, आणि भांडण मात्र एकाच बागेवर चालतं. ही युक्ती दर हंगामाला ऐकते मी आणि दर हंगामाला माणसं फसतात.

बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून, वेलाच्या दोन्ही बाजूनं, सावलीतले आणि उन्हातले असे घड निवडायचे, प्रत्येक घडाचा वरचा, मधला आणि खालचा मणी घ्यायचा. असे शंभरएक मणी झाले की एकत्र चुरगाळून, गाळून त्या रसाचा ब्रिक्स घ्यायचा, तो तुमच्या बागेचा आकडा. सकाळीच घ्या आणि पाणी दिल्यावर किंवा पाऊस झाल्यावर लगेच घेऊ नका. व्यापाऱ्यासमोर त्याच्या मीटरमध्ये आधी पाणी टाकून शून्य दाखवायला सांगा, यात संकोच कसला. आणि नुसत्या ब्रिक्सवर चव ठरत नाही, आंबटपणा किती उतरलाय तेही बघावं लागतं, त्याची तपासणी कृषी विज्ञान केंद्राला विचारून करून घ्या. एक्सपोर्टचा माल असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं मार्गदर्शन बघितल्याशिवाय तारीख धरू नका.

पाण्यात तरंगला तर कार्बाइडचा आंबा, बुडाला तर चांगला, असं व्हॉट्सॲपवर आलंय. आणि काडेपेटीची काडी आंब्याजवळ नेली की कार्बाइड पेटतं म्हणे. करून बघू का? (शहापूर, बेळगाव)

वहिनी, काडीचं अजिबात करू नका. पाण्याचंही वर सांगितलंच, त्यातून फळ तयार आहे का कोवळं एवढं कळतं, कार्बाइड कळत नाही. कोवळा तोडलेला आंबा तरंगतो आणि कोवळाच आंबा लवकर विकायला कार्बाइड वापरतात, म्हणून कुणीतरी दोन्ही गोष्टी एकत्र बांधून पाठवून दिल्या आणि आपण पुढं ढकलत बसलोय.

कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला देशात बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन गॅस मात्र चालतो, 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग), तो फळ स्वतःही तयार करतं. इथिलीनच्या पुड्या मिळतात त्याही फळाला चिकटवून ठेवायच्या नसतात. बाहेरून एकसारखा पिवळाधमक, आत कडक आणि वास नाही, असा आंबा दिसला तर घेऊ नका, पण तेवढ्यावरून कार्बाइड सिद्ध होत नाही, ते लॅबचं काम आहे, संशय असेल तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडं तक्रार द्या. त्यापेक्षा ओळखीच्या बागवाल्याकडून कच्चा आंबा घ्या आणि घरी गवतात अढी घाला. आठवडाभर थांबायची तयारी ठेवा मात्र.

डाळिंब तोडल्यावर लाल व्हायला पुडी मिळते, वापरू का?

नाही. डाळिंब तोडल्यावर पिकत नाही, द्राक्षही नाही. झाडावर जेवढं झालं तेवढंच.

सकाळी सातला तोडणी सुरू करतो, माल सगळा चांगला, एक डाग नाही. गाडी संध्याकाळी पाच-सहाला येते. तोवर शेडमध्ये झाकून ठेवतो. तरी पुण्याला पोचल्यावर आडत्या म्हणतो मधल्या पेट्या मऊ पडल्या, काही काळ्या पडल्या. औषध कुठलं मारायचं? (खानापूर तालुका)

औषध नाही मारायचं भाऊ. शेड कसलं आहे ते तुम्ही लिहिलं नाही पण मला माहीत आहे, पत्र्याचं. आणि झाकलंय ते ताडपत्रीनं.

हाच प्रश्न मला झोपू देत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. तोडलेलं फळ मेलेलं नसतं, ते श्वास घेत असतं, झाडाकडून नवीन काही मिळत नाही म्हणून स्वतःच्या साठ्यातली साखर आणि पाणी खर्चत असतं. हा खर्च किती वेगानं होतो ते तापमानावर ठरतं, दर 10 अंशाला श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे 25 अंशाचं फळ 35 ला गेलं तर तिथला एक तास म्हणजे दोन-तीन तासांचं आयुष्य गेलं. तुमचा माल सात-आठ तास पत्र्याखाली थांबला तर फळानं तेवढ्यात पंधरा-वीस तासांचं, कदाचित जास्तच, आयुष्य उडवलं. गाडी निघायच्या आधीच! शिवाय श्वास घेताना फळ स्वतः गरम होतं, त्यामुळं दाबून भरलेल्या पेट्यांच्या थप्पीत मधल्या पेट्यांना वारा लागत नाही आणि त्याच सगळ्यात जास्त तापतात. तुमच्या मधल्याच पेट्या का मऊ पडल्या ते कळलं ना.

आता माझं म्हणणं असं आहे की ब्रिक्स मोजायला तीन-चार हजाराचं मीटर घेणारी माणसं फळाच्या पोटातलं तापमान कधीच मोजत नाहीत. सळईचा डिजिटल थर्मामीटर काही शेकड्यांत मिळतो, तो घ्या. उद्या तोडणीला सकाळी सातला एक फळ घेऊन कोयीपर्यंत सळई टोचा आणि आकडा वहीत लिहा. दुपारी तीनला त्याच ढिगातलं, शेडमधलं, दुसरं फळ टोचा. मग मधल्या क्रेटमधलं टोचा. तीन फळं वाया जातील, जाऊ देत. तो आकडा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की माझ्या लेक्चरची गरज राहणार नाही.

उपाय काय, तर आधी वेळ. तोडणी उजाडताच सुरू करा आणि नऊ-साडेनऊला थांबवा, गाडी संध्याकाळचीच असेल तर सगळा माल एका दिवशी काढायचा हट्ट सोडा आणि गाडीवाल्याशी वेळेचं आधीच बोला, दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून सकाळी अकराची गाडी केली तर ती परवडते. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीनं तोडा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला त्यासाठीच आहे, फळ जमिनीवर पडू देऊ नका आणि तापलेल्या मातीवर तर ठेवूच नका. मोठ्या झाडाची सावली पत्र्यापेक्षा कधीही चांगली, पत्राच असेल तर त्यावर गवत, ऊसाचा पाला टाका. ताडपत्री फळांना लागून घालू नका. जाळीचे क्रेट वापरा, थप्प्यांमध्ये हाताच्या रुंदीची मोकळी जागा ठेवा.

आणि कोल्ड स्टोरेजला नेलं की झालं असं समजू नका. मी स्वतः एकदा दुपारचा तापलेला माल तसाच पुठ्ठ्याच्या पेट्यांत भरून शीतगृहात ठेवायला परवानगी दिली होती, खोली 13 अंशाला होती म्हणून निर्धास्त होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मधली पेटी उघडली तर फळ हाताला कोमट लागलं. थंड खोली म्हणजे थंड फळ नव्हे, आधी प्रीकूलिंग, म्हणजे पंख्यानं जोरात थंड हवा खेचून किंवा गार पाण्यानं फळातली उष्णता काढायची आणि मग साठवायचं. द्राक्षाला तर तोडल्यापासून चार ते सहा तासांत प्रीकूलिंगला जायलाच पाहिजे, नाहीतर आधी देठ तपकिरी पडतात. तुमच्या मालाला कुठली पद्धत बसेल ते अरभावीच्या उद्यानविद्या कॉलेजात जाऊन विचारा, जाताना वहीतले तापमानाचे आकडे घेऊन जा, नुसतं खराब होतंय म्हणून सांगितलं तर त्यांनाही नेमकं सांगता येत नाही.

कोल्ड स्टोरेजवाला म्हणाला जितकं गार तितकं टिकतं. कच्चा आंबा 5 अंशाला तीन आठवडे ठेवला. बाहेर काढल्यावर साल करडी पडली, पिकलाच नाही. (निपाणी)

त्याला थंडी बाधली. कच्च्या आंब्याला 12-13 च्या खाली नेऊ नये, केळ्यालाही 13 च्या खाली नाही. डाळिंब 5 ते 7 ला चालतं, द्राक्ष तर शून्याच्या आसपास. एकाच खोलीत सगळं ठेवून भाडं वाचवणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. आत असताना फळ छान दिसतं आणि बाहेर काढल्यावर दोन दिवसांनी बाधा दिसते, त्यामुळं दोष नेमका विकणाऱ्यावर येतो. गेलेला माल परत येत नाही, पुढच्या वेळी करार करताना तापमान कागदावर लिहून घ्या.

साका आहे की नाही हे फळ न कापता कसं ओळखायचं?

साका म्हणजे हापूसच्या गरात आतल्या आत पडणारा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, तो बाहेरून ओळखता येत नाही. वासावरून, वजनावरून सांगणारे भेटतात, विश्वास ठेवू नका. एक्स-रे किंवा इन्फ्रारेडची मशिनं लागतात, ती आपल्याकडं गल्लोगल्ली नाहीत. कमी मात्र करता येतो, पूर्ण पिकू न देता चौदा आण्यालाच तोडणी आणि झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन, कारण जमिनीतून वर येणारी उष्णता साक्याला मदत करते. इथंही उष्णताच, बघा.

एक एजंट येतोय, त्याची पावडर फवारली की द्राक्षं दोन महिने फ्रिजशिवाय टिकतात म्हणे. (रायबाग)

डब्यावरचं लेबल वाचा. आत काय आहे, कुणी मंजूर केलंय, फवारल्यावर किती दिवसांनी खायचं, यातलं एकही लिहिलेलं नसेल तर दारातूनच परत पाठवा. द्राक्षाला सल्फर डायऑक्साइडचे पॅड वापरतात ते थंडीबरोबर, थंडीऐवजी नाही, आणि तेही प्रमाण चुकलं तर मणी पांढरे पडतात. लेबलचा फोटो घेऊन तोटगारिके ऑफिसला, म्हणजे सरकारी फलोत्पादन खात्याला दाखवा. माहितीपत्रक कन्नडमधून असलं तर तिथल्या माणसाकडून समजून घ्या, एजंटाकडून नको.

आमचा हापूस चांगला असून बेळगावच्या मार्केटात दुसऱ्याच नावाच्या पेटीत जातो. काय करावं? (जांबोटी)

हापूस ही जात आपल्याकडंही आहे, पण हापूसचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांना मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. देवगड, रत्नागिरीच्या नावाखाली आपला आंबा विकणं चूक आहे आणि त्यात आपलंच नाव बुडतं. पेटीवर गावाचं नाव, तोडणीची तारीख आणि स्वतःचा फोन नंबर घाला, दोन हंगामात गिऱ्हाईक नाव विचारत येतं. छापायच्या आधी कायद्याचं एकदा विचारून घ्या.

वळीव झाला, आंबा झाडावरच आहे, उद्या तोडू का?

पानं आणि फळं वाळू देत, मग तोडा, ओलं फळ पेटीत भरू नका. पिकताना काळे ठिपके पडतात तो करपा बागेतूनच आलेला असतो, पाऊस त्याला वाढवतो, फळमाशीलाही. 52 अंशाच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं बुडवून करपा रोखता येतो, पण पाणी दोन-तीन अंशानं जास्त तापलं की साल भाजते, म्हणून थर्मामीटर नसताना चुलीवरच्या हंड्यात अंदाजानं हा प्रयोग करू नका, आधी मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्राला फोन लावा, आणि पहिल्यांदा दहाच फळांवर करून आठवडाभर बघा.