कॉर्न स्नेकच्या पिल्लाला छोट्या टबमध्ये सुरक्षित ऊब कशी द्यायची?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिकागोजवळ राहता, मुलाने हट्टाने कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलंय, ते पेन्सिलीएवढं जाड आहे आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवलंय. दुकानातून हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), लाल बल्ब आणि विजेवर तापणारा दगड मिळालाय, थंडी तोंडावर आली आहे आणि यातलं काय वापरायचं ते कळत नाहीये.

दगड परत करा, बल्बही परत करा. मॅट ठेवा, पण थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाप्रमाणे मॅट आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) हातात येईपर्यंत तिचा प्लग लावू नका.

मी मिनिआपोलिसला राहते आणि माझ्याकडची कॉर्न स्नेक, केशर, आता सहा वर्षांची आहे. तिच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे थर्मोस्टॅट होता, तरीही तिला भाजलं. मी थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, टबच्या आत, मॅटच्या वर नुसता ठेवला होता. रात्री केशर वायरीखालून सरकली, प्रोब उचलला गेला आणि त्याचं टोक पाण्याच्या वाटीत पडलं. पाणी गार होतं, म्हणून थर्मोस्टॅटला वाटत राहिलं की टब गार आहे, आणि मॅट रात्रभर पूर्ण जोरात चालू राहिली. सकाळी तळाला हात लावला तर चटका बसला. केशर तिथेच, त्या तापलेल्या बाजूच्या लपणीखाली वेटोळं घालून बसली होती. दोन दिवसांनी पोटाखालचे चार-पाच खवले तपकिरी झाले, भाकरीवर डाग पडतात तसे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, टबात फक्त पेपर टॉवेल घालून तो रोज बदलायला सांगितलं. दोनदा कात टाकल्यावर पोट पूर्ववत झालं. ती रात्र मी विसरलेले नाही.

मला तोवर वाटायचं की गरम लागलं की जनावर आपणहून सरकेलच. पण पिल्लाला उघड्यावर यायची भीती फार असते. लपायला जागा एकच असेल तर ते भाजलं तरी तिथून हलत नाही. म्हणून लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला, दोन्ही अगदी सारख्या. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीचे दोन तुकडेही चालतात.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडापासून वर न्यू जर्सीच्या पाइनच्या जंगलापर्यंतचा. त्याचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. जंगलात तो उन्हात जातो, पुरेसं झालं की सावलीत येतो. टबमध्ये ऊन आणि सावली दोन्ही आपल्याला करावी लागतात. उबदार टोकाचा तळ 85 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 29 सेल्सिअस, आणि गार टोक 72 ते 75. बुटाच्या खोक्याएवढ्या टबमध्ये हे अंतर राखणं अवघड असतं, कारण ऊब चटकन सगळीकडे पसरते. म्हणून मॅट तळाच्या एक तृतीयांश भागापुरतीच, कमी वॅटची घ्या. दुकानदार मोठी मॅट देतात, ती पूर्ण टबाखाली गेली तर पिल्लाला पळायला जागाच उरत नाही. बल्ब इतक्या छोट्या जागेत काही मिनिटांत हवा तापवतो आणि कोरडी करतो, मग कात अंगाला चिकटून राहते. प्लास्टिकही वितळतं.

मॅट टबच्या बाहेरून, खालून लावा. प्रोब मॅट आणि टबच्या तळामध्ये ठेवून बाहेरच्या बाजूने चिकटवा, म्हणजे साप तो हलवू शकत नाही आणि पाणीही पोचत नाही. टबच्या चार कोपऱ्यांना रबराची बटणं लावून तो थोडा उचला, नाहीतर मॅटची उष्णता खाली कोंडते. प्रोब बाहेर असल्यामुळे तो मॅटचं तापमान मोजतो, आतल्या तळाचं नाही. मधल्या प्लास्टिकमध्ये काही अंश कमी होतात. थर्मोस्टॅट 88 वर लावा, चोवीस तास तसंच राहू द्या, मग आत दुसऱ्या डिजिटल थर्मामीटरने उबदार लपणीखाली मोजा आणि त्याप्रमाणे हळूहळू कमी-जास्त करा. आतला तळ 90 च्या वर कधीच नको.

मोजायचं ते कुठे, हे फार महत्त्वाचं आहे. लाकडाच्या भुश्याचा थर घातला की वरून मोजल्यावर 80 दिसतं, पण पिल्लू त्यात घुसून थेट प्लास्टिकवर जाऊन बसतं आणि तिथे 95 असू शकतं. सुरुवातीचे काही महिने भुसा न घालता पेपर टॉवेलच वापरा.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे बरेच जण चुकतात. आपल्या हाताच्या त्वचेचं तापमान साधारण 90 फॅरनहाइटच्या आसपास असतं. त्यामुळे 85 चा तळ हाताला गरम लागतच नाही, कोमटही वाटत नाही. लोकांना वाटतं मॅट बिघडली, आणि ते थर्मोस्टॅट वाढवतात. हाताला छान उबदार लागतंय म्हणजे पिल्लासाठी ते जास्तच आहे. आकड्यावर विश्वास ठेवा.

टबच्या आत कुठेही चिकटपट्टी लावू नका. पिल्लू तिला चिकटलं की कातडी सोलून निघते. कधी चिकटलंच तर ओढू नका, खोबरेल तेल लावून सावकाश सोडवा.

मॅट तळ तापवते, हवा नाही. रात्री घराचं हीटिंग 62 वर नेत असाल तर निदान ती खोली 68 ला ठेवा. टब खिडकीजवळ नको. हिवाळ्यातसुद्धा काचेतून आलेल्या उन्हाने बंद टब तासाभरात जीवघेणा तापतो.

हिमवादळात वीज गेली तर पिल्लाला कापडी पिशवीत घाला, पिशवी बर्फ न घातलेल्या रिकाम्या आइसबॉक्समध्ये ठेवा आणि बाजूला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा, पिल्लाला न टेकवता. एखादा दिवस ते सुस्त पडेल, पण निभावेल. त्या काळात खायला मुळीच देऊ नका. ऊब नसेल तर गिळलेला पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू) पचत नाही आणि उलटी होते. उलटी झालेलं पिल्लू फार लवकर खंगतं. एरवीही खाल्ल्यानंतर 48 तास त्याला हातात घेऊ नये, मुलाला हे आत्ताच सांगून ठेवा.

महाराष्ट्रातून कोणी हे वाचत असेल तर कृपया अंगणात सापडलेल्या धामणीच्या पिल्लावर हे करू नका. आपल्याकडचे रानातले साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा.

थर्मोस्टॅट येईपर्यंतच्या दोन-तीन दिवसांसाठी तुमच्या घरातली सगळ्यात उबदार खोली 75 ला ठेवा, टब जमिनीवर न ठेवता कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, झाकणाच्या कड्या नीट लावा, कारण हे पिल्लू करंगळी जाणार नाही एवढ्या फटीतूनही निसटतं. तोवर खाऊ घालू नका, पाणी मात्र ताजं ठेवा. मॅट लावल्यावर दोन्ही टोकांचे आकडे मला इथेच लिहून कळवा, मी पाहीन.