पेटीवरचे चित्र कोणाचे? पोर्टफोलिओ आणि ग्राहकाची नोटीस

वरुड तालुक्यातील एका वाचकाच्या पत्रातील मुख्य भाग असा :

"मी गावीच राहून ग्राफिक डिझाइनची आणि लग्नाच्या छायाचित्रणाची कामे करतो. एका शेतकरी उत्पादक कंपनीला संत्र्याच्या पेटीवरचे लेबल १२ हजार रुपयांत करून दिले. त्यातली संत्र्याची फांदी आणि फांदीवर बसलेला भारद्वाज मी हाताने रेखाटला आहे. लेखी करार झाला नाही, सारे बोलणे व्हॉट्सॲपवर झाले. हे लेबल मी माझ्या ऑनलाइन पोर्टफोलिओत टाकले. आता कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे : लेबल १५ दिवसांत काढा, ५ लाख रुपये भरपाई द्या, नाहीतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली फौजदारी कारवाई करू. त्याच पोर्टफोलिओत एका लग्नातील हळदीची छायाचित्रे आहेत, ती काढा असा नवरीचा फोन आला. नागपुरात जाहिरात संस्थेत नोकरीला असताना केलेली चार पोस्टर्सही तेथे आहेत. स्वतः केलेले कामच दाखवता येत नसेल, तर मला नवे काम कोण देणार?"

आपण तिन्ही कामे एकाच पोर्टफोलिओत ठेवली असली, तरी कायदा त्यांच्याकडे तीन निरनिराळ्या नजरांनी पाहतो. विशेष म्हणजे जेथून नोटीस आली आहे तेथे आपली बाजू बरी आहे, आणि जेथून केवळ फोन आला आहे तेथे ती लंगडी आहे. पत्र वाचून असे दिसते की आपण नोटिशीने धास्तावलात आणि फोनकडे दुर्लक्ष केलेत. प्रत्यक्षात आधी फोनचा विचार करायला हवा होता.

प्रथम लेबल पाहू. "पैसे मोजले म्हणजे वस्तू आपली" हा व्यवहारातला समज संत्र्याला लागू पडतो, चित्राला जसाच्या तसा लागू पडत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. याला जे अपवाद आहेत त्यांपैकी एक असा की, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले, रंगचित्र वा व्यक्तिचित्र करून घेतले, कोरीवकाम किंवा चित्रपट करून घेतला, तर उलट करार नसल्यास ज्याने काम करवून घेतले तो पहिला मालक ठरतो. या यादीत रेखाचित्राचा आणि मांडणीचा उल्लेख नाही, आणि आपले लेबल मूलतः रेखाटन व अक्षरमांडणी आहे. आपण कंपनीचे नोकरही नव्हता. हक्क दुसऱ्याकडे सोपवायचे तर कलम १९ प्रमाणे कर्त्याची सही असलेला लेखी दस्त लागतो, आणि तसा दस्त आपण दिलेला नाही. म्हणून लेबलाचा कॉपीराइट आजही आपल्याकडेच आहे, असे म्हणण्यास भक्कम आधार आहे. "भारद्वाज हे रंगचित्रच आहे" असा मुद्दा समोरचे वकील मांडू शकतील. त्यासाठी पेन्सिलीचे कच्चे आराखडे, स्कॅन आणि संगणकावरील मूळ फाइल तारखांसह जपून ठेवावी.

याचा अर्थ कंपनीला ते लेबल पेट्यांवर छापता येणार नाही, असा मात्र नव्हे. त्यासाठीच तिने १२ हजार रुपये दिले आहेत आणि त्या वापराची परवानगी व्यवहारातच अंतर्भूत आहे. कंपनीने लेबल व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून नोंदवले असले, तरी त्या नोंदणीने चित्राचा कॉपीराइट आपोआप तिच्याकडे जात नाही. तसेच आपण त्या चिन्हाखाली संत्री विकत नाही, फक्त कामाचा नमुना दाखवता. त्यामुळे व्यापारचिन्हाच्या बाजूने फारशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

कलम ६३ ची धमकी हलक्यात घेऊ नये, कारण त्यात किमान ६ महिने ते ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. परंतु हा गुन्हा घडण्यासाठी दुसऱ्याच्या कॉपीराइटचा जाणूनबुजून भंग व्हावा लागतो. ज्याच्याकडे कॉपीराइट आहे तो स्वतःच्याच हक्काचा भंग कसा करील? उलट अशी निराधार धमकी मिळणाऱ्याला आपण भंग केलेला नाही असे न्यायालयाकडून जाहीर करवून घेण्याचा मार्ग कलम ६० ने दिला आहे.

आता आपल्या पत्रातील ती ओळ, जी आपण ओझरती लिहून पुढे गेलात : कंपनीच्या संचालकांनी "लाँचिंग होईपर्यंत बाहेर जाऊ देऊ नका" असा संदेश पाठवला होता, त्यावर आपण अंगठ्याची खूण दाबली होती, आणि आंबिया बहराची (संत्र्याच्या एका हंगामाची) पहिली पेटी बाजारात जाण्याच्या ९ दिवस आधी लेबल पोर्टफोलिओत चढवले. माझ्या मते या प्रकरणातील आपली खरी अडचण ही आहे. मालकी आपली असली, तरी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ठरल्या वेळेआधी फोडू नये हे बंधन वेगळे असते, आणि ते निर्माण होण्यासाठी मुद्रांकावरचा करार लागत नाही. अंगठ्याची ती खूण होकार म्हणून वाचली जाऊ शकते. तरीही ५ लाखांचा आकडा केवळ नोटिशीत लिहिल्याने देय होत नाही. करारभंगाची भरपाई भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपुरती मिळते आणि ते नुकसान कंपनीलाच सिद्ध करावे लागेल. त्या ९ दिवसांत कोणी लेबलाची नक्कल केली का, कोणता व्यापारी फिरला का, हे प्रश्न तिला विचारले जातील. आज माल बाजारात आहे आणि लेबल नागपुरातील कळमन्याच्या मंडीत कोणालाही दिसते, तेव्हा गुप्ततेचा मुद्दा यापुढच्या काळासाठी संपला आहे.

एक व्यावहारिक चूक मात्र आजच दुरुस्त करावी. आपण छपाईची पूर्ण आकाराची फाइल बारकोडसकट टाकली आहे, ती कोणीही उतरवून घेऊन बनावट पेट्या छापू शकतो. ती काढून त्याऐवजी तयार पेटीचे लहान आकारातील छायाचित्र लावा. यात कबुली नाही, सावधगिरी आहे, आणि उत्तरात तसे स्पष्ट लिहावे.

नोटिशीला उत्तर १५ दिवसांच्या आत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावे. प्रकरण दाव्यापर्यंत गेले तरी, ३ लाख वा त्याहून अधिक मूल्याचा बौद्धिक संपदेचा वाद व्यापारी न्यायालयाकडे जातो आणि तातडीचा मनाईहुकूम मागितला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, अमरावतीला, समोरासमोर बसण्याची वेळ येणारच असेल, तर ते आधीच का करू नये? कंपनीला बहुधा लेबल कायमचे आपल्या नावावर हवे आहे, आणि ते आपल्या सहीशिवाय मिळत नाही. आपण हक्क लिहून द्यावेत, कंपनीने भरपाईची मागणी सोडावी आणि लेबल नमुना म्हणून दाखवण्याची लेखी परवानगी द्यावी, अशी तडजोड मी सुचवीन. फक्त त्या दस्तात मुदत आणि प्रदेश लिहिलेला आहे का ते पाहावे. मुदत लिहिली नसेल तर ती कायद्याने ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. पुढे परदेशी निर्यात करायची झाल्यास कंपनी पुन्हा आपल्याच दारी येईल, हे समोरच्या वकिलांना सांगण्याची गरज नाही.

आता हळदीची छायाचित्रे. कलम १७ चा जो अपवाद लेबलाला लागू पडला नाही, तो येथे नेमका लागू पडतो : मोबदला देऊन काढवून घेतलेली छायाचित्रे, आणि मालकी आपल्याकडे राहील असा करार नाही. लग्नाचे काम नवरीच्या काकांनी ठरवले व पैसेही त्यांनीच दिले असे आपण लिहिता, म्हणजे कॉपीराइटचे पहिले मालक ते ठरण्याची शक्यता मोठी आहे. आपण छायाचित्रांचे कर्ते आहात आणि कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क मालकी गेली तरी शिल्लक राहतो. पण "हे मी काढले" असे म्हणणे वेगळे आणि छायाचित्र जगापुढे ठेवणे वेगळे. कलम ५२ मधील वाजवी वापराच्या सवलती खासगी वापर, संशोधन, टीका व समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी आहेत. धंदा मिळवण्यासाठी मांडलेला नमुना त्यांत बसवणे कठीण आहे.

शिवाय काकांनी "टाका हो, काही हरकत नाही" असे म्हटले होते, हा आपला बचावही पुरेसा नाही. चित्राचा हक्क काकांचा असला, तरी चेहरा नवरीचा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितले आहे. हळदीने माखलेली, अंगावर ओली साडी असलेली मुलगी घरच्या मांडवात नातेवाइकांसमोर असते. ती पोर्टफोलिओत आली की गावाच्या नावाच्या टॅगसह ज्याच्या हातात मोबाईल आहे त्या प्रत्येकासमोर येते. तिचे सासर पाच कोसांवर आहे, हे आपणच लिहिले आहे. माझा सल्ला असा की ही छायाचित्रे आजच काढावीत, फेसबुक व इन्स्टाग्रामवर टाकलेली असल्यास तेथूनही काढावीत, आणि तसे तिला लिहून कळवावे. एका चौकटीत करवलीबरोबर दोन लहान मुलेही आहेत, त्यांच्या पालकांना तर कोणी विचारलेलेच नाही.

नागपूरच्या पोस्टर्सविषयी थोडक्यात. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा मालक, उलट करार नसल्यास, नोकरी देणारी संस्थाच असते. तिने हरकत घेतलेली नाही एवढ्यावर विसंबू नये. ई-मेलने परवानगी मागावी, आणि उत्तर येईपर्यंत पोस्टरऐवजी "अमुक वर्षी अमुक मोहिमेच्या चार पोस्टर्सची मांडणी केली" एवढे शब्दांत लिहावे. नोकरी सोडताना संस्थेच्या संगणकावरून मूळ फाइली आणल्या असतील तर त्या कोणालाही देऊ नयेत.

पुढच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकाखाली ही ओळ छापून घ्यावी आणि ग्राहकाची सही घ्यावी : "माल बाजारात आल्यानंतर सदर कामाची छायाचित्रे कलाकाराने आपल्या नावासह, कामाचा नमुना म्हणून, संकेतस्थळावर व समाजमाध्यमांवर दाखवण्यास ग्राहकाची संमती आहे." लग्नाच्या पावतीवर निराळी ओळ हवी आणि तीखाली पैसे देणाऱ्याची नव्हे, तर वधू आणि वर या दोघांची सही हवी. हळदीच्या दिवशी धावपळीत सही मागू नये. आल्बममधील छायाचित्रे निवडायला ते दुकानात येतात तेव्हा, कोणती दाखवायची ती त्यांच्याकडूनच खुणा करून घ्यावीत.

शेवटी पुराव्याविषयी. संचालकांबरोबरचे व्हॉट्सॲपवरील संभाषण, त्यांतील ती अडचणीची ओळ धरून, जसेच्या तसे ठेवावे. गैरसोयीचा संदेश खोडल्यास तो समोरच्या मोबाईलमध्ये राहतोच आणि आपल्या शब्दावरचा विश्वास तेवढा जातो. असा पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी मूळ मोबाईल हाताशी असणे सोयीचे ठरते, म्हणून नोटिशीचा निकाल लागेपर्यंत तो विकू नये, बदलू नये किंवा दुरुस्तीच्या दुकानात फॉरमॅट करण्यास देऊ नये.